वडिलांचा सोरायसिस अचानक अंगभर पसरलाय, थंडी वाजून राहिली, पाय सुजलेत. हे गंभीर आहे का?

हो, गंभीर आहे. सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका, आजच कॅज्युअल्टीत न्या. नागपुरातच असाल तर मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी हॉस्पिटलांत स्किनचं डिपार्टमेंट आहे.

माझ्या बाबांना अगदी हेच झालं होतं. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आणि बाबा कूलर बंद करायला लावून दोन ब्लँकेटांत कुडकुडत होते, आम्हाला वाटलं ऊन लागलं, आई पन्हं करून देत बसली, त्यात दोन दिवस गेले. सकाळी चादर झटकली की मूठभर पापुद्रे पडायचे, आणि पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा.

याला एरिथ्रोडर्मिक सोरायसिस म्हणतात. सोरायसिसवाल्यांपैकी फार थोड्यांना होतो, पण झाला की बहुतेक सगळं अंग लालबुंद होतं. रक्त कातडीकडे धावतं, अंगातली उष्णता बाहेर निघून जाते म्हणून थंडी वाजते, पाणी आणि प्रोटीनही जातं, हृदयावर ताण येतो, आणि फाटक्या कातडीतून इन्फेक्शन आत शिरलं तर सेप्सिसपर्यंत, म्हणजे इन्फेक्शनने सगळं शरीर बिघडून जिवावर बेतण्यापर्यंत, जाऊ शकतं. लाल भागावर पुवाचे बारीक फोड आणि ताप असेल तर तो पस्च्युलर प्रकार असू शकतो, तोही तितकाच धोक्याचा.

कशाने भडकतो म्हणाल तर स्टेरॉईडच्या गोळ्या अचानक बंद करणं हे मोठं कारण. बाबा एका वैदूच्या पुड्या घेत होते, डाग महिनाभरात साफ झाले, आम्ही खूश, पुड्या संपल्या आणि दहा दिवसांत हे सुरू झालं. डॉक्टर म्हणाले त्यात स्टेरॉईड असणार. बाकी इन्फेक्शन, उन्हाने कातडी भाजणं, दारू, खूप टेन्शन, लिथियम (मानसिक आजारावरचं) किंवा क्लोरोक्वीन (मलेरियावरचं) अशी औषधं, यांनीही होतं. वडील स्टेरॉईड घेत असतील तर प्लीज स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि वाढवूही नका.

तोवर अंगाला साधं व्हॅसलीन लावा, डांबराचं मलम किंवा कडुनिंबाचा लेप अजिबात नको, आग वाढते. आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, ट्यूब, पुड्या पिशवीत घालून न्या. आमच्याकडे एकच पुडी उरली होती, पण ती दाखवली म्हणूनच डॉक्टरांना कारण लवकर कळलं.