बाळाला ऐकू येत नाही, हे कुणाचं पाप?

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक ख्रिस्ती जोडपं भाड्याने राहतं. त्यांच्या चार महिन्यांच्या मुलीला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, असं तपासणीत निघालं. त्यांच्याच एका नातेवाइकाने घरी येऊन सुनावलं, "आईबापांचं पाप लेकराला भोवलं, पश्चात्ताप करा." तेव्हापासून बाळाच्या आईचं खाण्यापिण्यावरून मन उडालंय. आमच्याकडे पूर्वसंचित म्हणतात, पण तुम्ही ख्रिस्ती तर पुनर्जन्म मानत नाही. मग या बाळाने पाप केलं कधी? आणि देवाला सगळं आधीच ठाऊक असेल, तर पहिला माणूस आदाम याने देवाने मना केलेलं फळ खाल्लं, यात आदामाचा काय दोष?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : ताई, मी उभी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून केली. बाळात काही कमी निघालं की आईचा पहिला प्रश्न एकच, "सिस्टर, माझं काय चुकलं?" जात-धर्म कुठलाही असो. म्हणून त्या नातेवाइकाचं बोलणं मला फार लागलं.

त्यांनी बहुधा बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायाचा आधार घेतला असेल. वडिलांच्या अन्यायाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन, असं तिथे लिहिलेलं आहे, ते मी नाकारत नाही. पण पुढच्याच वचनात हजारो पिढ्यांवर दया आहे, ती मात्र सोयीने गाळली जाते. शिवाय बाबेलच्या बंदिवासात यहुदी लोक हेच रडगाणं गात होते, की आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली आणि दात आंबले मुलांचे. तेव्हा यहेज्केल संदेष्ट्याच्या तोंडून देवाने ती म्हणच बंद करायला लावली. अठरावा अध्याय वाचा. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, असं तिथे स्वच्छ सांगितलं आहे.

येशूचं चरित्र सांगणाऱ्या योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, तर तुमच्या वरच्या मजल्यावरचाच प्रसंग आहे. एक जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभू म्हणतो, याचंही नाही, आईबापांचंही नाही. मग तो मातीचा लेप त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. पुढे चौतिसाव्या वचनात परूशी, म्हणजे यहुदी धर्मातले कर्मठ पुढारी, त्याच माणसावर ओरडतात, तू तर जन्मापासूनच पापात बुडालेला, आणि त्याला हाकलून देतात. म्हणजे नातेवाईक जे बोलले, ते शास्त्रात आहे खरं, पण प्रभूच्या विरोधकांच्या तोंडी!

आता आदाम. देवाला आधी माहीत होतं म्हणून आदामावर सक्ती झाली, असं होत नाही. मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात बसलेल्या बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने सहाव्या शतकात याचा विचार केला, तो मला अजून पटतो. सकाळी कमाटीबागेत तुम्हाला एक माणूस चालताना दिसतो आणि त्याच वेळी सूर्य उगवतानाही दिसतो. दोन्ही तुम्ही पाहता. सूर्याला उगवणं भाग आहे, त्या माणसाला चालणं भाग नाही, आणि तुमच्या पाहण्याने त्यात फरक पडत नाही. देवाला आधी-नंतर असं नाहीच, त्याच्यापुढे सगळं आताच उभं आहे. निवड मात्र आदामाची, आणि माझी माझी.

ही निवड किती मोकळी, यावर मात्र चर्चमध्ये शतकानुशतकं वाद झाले. माणूस स्वतःच्या बळावर चांगला राहू शकतो, असं पेलाजियस या साधूचं म्हणणं. बिशप ऑगस्टिनने ते कडाडून खोडलं आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची शिकवण धिक्कारली. हजार वर्षांनी विद्वान इरॅस्मस आणि धर्मसुधारक लूथर पुन्हा त्यावरच भांडले. मी ऑगस्टिनच्या बाजूची. चांगलं करायचं ठरवूनही हातून भलतंच घडतं, हे येशूचा प्रेषित पौल याने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहिलं आणि मी रोज अनुभवते. पण बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचं स्नान, न होता दगावलेलं तान्हं बाळही आदामाच्या पापामुळे, सौम्य का होईना, शिक्षेला पात्र, इथवर ऑगस्टिन गेला. तिथे मी त्याच्याबरोबर जात नाही. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्या मानतात की आदामाकडून आपल्याकडे मरण आणि दुबळेपण आलं, त्याचा वैयक्तिक दोष नव्हे. कॅथलिक ईश्वरविद्या आयोगानेही २००७ साली अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत, असं म्हटलं.

देवाच्या न्यायाचं म्हणाल तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे प्रश्न आधीच फोडलेले आहेत. भुकेल्याला खायला दिलंस का, आजाऱ्याकडे गेलास का? आजाऱ्याचं पाप शोधलंस का, हा प्रश्न त्यात नाही.

बाळाला जन्मतः ऐकू न येण्याची कारणं बरीच असतात. पुष्कळदा आईबाप दोघांना उत्तम ऐकू येतं, पण दोघांकडून एकेक सदोष जनुक बाळाकडे येतं. कधी गरोदरपणातला संसर्ग, कधी वाढलेली कावीळ. बेरा चाचणी, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते पाहणारी तपासणी, झाली नसेल तर या आठवड्यातच करून घ्यायला सांगा. झाली असेल तर सहा महिन्यांच्या आत कानाला यंत्र लागलं पाहिजे, कारण बोलणं शिकण्याचं वय हेच; त्याने भागलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राबद्दल, डॉक्टरांना विचारा. तुम्ही ख्रिस्ती नाही म्हणून संकोचू नका. आज ताट घेऊन वर जा, ती जेवेपर्यंत बसा, आणि योहानाचा नववा अध्याय तिच्याच बायबलमधून तिला वाचून दाखवा.