भरलेली बंदूक, बंद सेफ्टी

प्रश्न : पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोरची दुनळी आहे. डुकरं उसात घुसतात म्हणून रात्री राखणीला जाताना ती भरूनच नेतो. सेफ्टी लावली की पुरेसं ना? – एक शेतकरी, ता. शिराळा, जि. सांगली

उत्तर : नाही. बहुतेक दुनळ्यांत सेफ्टी फक्त चाप अडवते. आतला घोडा, म्हणजे काडतूस उडवणारा ठोका, स्प्रिंगच्या ताणाखाली तसाच उभा, एका बारीक खाचेवर अडकलेला. बांधावरून पाय घसरून दस्ता दगडावर आपटला की खाच सुटते आणि बार उडतो. खाच झिजलेली असेल तर कमी धक्काही पुरतो.

वाटेनं बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीतून उघडून नळ्या खाली झुकवून, रिकामी न्या, काडतुसं खिशात. मचाणावर आधी माणूस चढेल, मग रिकामी बंदूक दोरीनं, नळीचं तोंड खाली ठेवून वर ओढायची. भरण्यापूर्वी मागच्या बाजूनं दोन्ही नळ्यांतून बॅटरीचा उजेड आरपार दिसतो का पाहा. चिखल अडकला असेल तर नळी फाटते. वीस बोरचं काडतूस घरात असेल तर वेगळं ठेवा : ते बारा बोरपेक्षा बारीक असल्यानं बारा बोरच्या नळीत पुढं सरकून अडकतं, नळी रिकामीच वाटते, मागून बारा बोरचं भरून चाप ओढला की नळी हातातच फुटते.

आणि नुसत्या सळसळीवर बार कधीच नको. रात्रीच्या विजेवर पाणी पाजणारा शेजारी त्याच उसात असतो.

परवाना बंदुकीचा आहे, डुक्कर मारण्याचा नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यासाठी वन खात्याची वेगळी परवानगी लागते.