पलटणीची डायरी कुणाच्या हातात द्यायची?

प्रश्न : दादा, मी कोरेगाव तालुक्यातून लिहितेय. माझे सासरे २ पॅरात, म्हणजे छत्रीनं उतरणाऱ्या फौजेच्या पलटणीत होते, ७१ च्या बांगलादेश युद्धात टांगाईलला उडी मारलेले, आता ७६ वर्षांचे आहेत. त्यांच्याच पलटणीतले एक हवालदार काका होते, सातारा-सांगलीतल्या सगळ्यांचे पत्ते त्यांच्या डायरीत, कोण आजारी, कुणाच्या नातीचं लग्न, सगळं त्यांना ठाऊक. दरवर्षी ११ डिसेंबरला तेच फोन करून सगळ्यांना साताऱ्यात जमवायचे. मागच्या पावसाळ्यात ते वारले. नंतर डिसेंबर आला नि गेला, एक फोन नाही. पोरांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय पण त्यात गुड मॉर्निंगच जास्त आणि आमच्या आबांकडं बटणांचा फोन. आबा बोलत काहीच नाहीत, पण त्या दिवशी सकाळी पेटीतनं पॅराची मरून टोपी काढली, पुसली, परत ठेवून दिली. मला वाटतं हे काम मी करावं, पण मी तर सून, फौजेतली पण नाही, मला कोण विचारणार?

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझे थोरले चुलते पॅरातले, त्यामुळं ती पुसून ठेवलेली टोपी मला दिसली. आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो. तुम्हालाच विचारणार, कारण आज कुठल्याही म्हाताऱ्या फौजीच्या घरी फोन लावा, उचलतं कोण? सून नाहीतर नात. त्यांना औषध कधी द्यायचं, दवाखान्यात कधी न्यायचं, ऐकू कुठल्या कानानं येतं हे तिलाच माहीत. जी माणसं फोन उचलतात त्यांचीच एकमेकींशी ओळख पाहिजे, तर पलटण जोडलेली राहील, हे माझं ठाम मत आहे आणि चुलत्यांच्या वेळी आम्ही हे न केल्याचा पस्तावा अजून आहे. ते गेले तेव्हा त्यांच्या सोबत्यांना आम्ही कळवूच शकलो नाही, नंबर सगळे त्यांच्या फोनमध्ये आणि फोनला लॉक. चार महिन्यांनी तासगावकडचे एक सोबती त्यांना भेटायला म्हणून दारात आले, हातात द्राक्षांची पेटी. त्यांना बसवून सांगताना आमच्या काकूला शब्द फुटेना.

तर पहिलं काम, आबांना घेऊन त्या हवालदार काकांच्या घरी जा. फोनवर डायरी मागू नका, जाऊन बसा, काकूंशी बोला, चहा घ्या. डायरी घरी आणू नका, ती त्यांच्या घरचीच वस्तू आहे. तिथंच दारातल्या उजेडात एकेका पानाचा मोबाईलवर फोटो काढा, कव्हरच्या आतल्या बाजूचा पण काढा, महत्त्वाचे नंबर तिथंच खरडलेले असतात. मी अशी एक डायरी बघितलीय, बँकेची जुनी, पाठ सुटलेली, त्यात नंबरापेक्षा खुणा जास्त. अमका, विट्याच्या स्टँडमागं, पिठाच्या गिरणीजवळ. तमका, जतला उतरून तिसरं घर, कडुनिंब. आणि गेलेल्या माणसाच्या नावापुढं पेन्सिलनं छोटा गोल.

घरी आल्यावर ती पानं आबांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि नवी वही घाला. नाव, गाव, कंपनी कुठली, बायकोचं नाव, आणि खरोखर फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर. गोल केलेलं नाव अजिबात गाळू नका, उलट तिथं जास्त काम आहे. नवरा गेला की बाईला पलटणीचं बोलावणं येणंच बंद होतं. वाईट हेतूनं कुणी करत नाही, पण बोलावणारा माणूस तिच्या नवऱ्याला ओळखायचा, तिला नाही. तिचं नाव वहीत स्वतंत्र ओळीवर लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपला नावं ठेवू नका, फक्त दुसरा ग्रुप काढा ज्यात अ‍ॅडमिननंच मेसेज टाकायचा, आजारपण, निधन, लग्न, भेटीची तारीख, बस्स. गुड मॉर्निंगला जुना ग्रुप आहेच. आणि पेन्शनचा पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा), बँक पासबुक, आधार यांचे फोटो कुणी ग्रुपवर टाकू नयेत हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, पेन्शनर म्हटलं की फसवणारे टपलेलेच असतात. बटणांच्या फोनवाल्यांसाठी तालुक्याला एक माणूस ठरवा, महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यानं आपल्या पाच-सात घरी फोन करायचा. मिसकॉल नाही, बोलायचं.

भेटीचं ठिकाण बदलता आलं तर बघा. जत, कवठेमहांकाळकडच्या माणसाला साताऱ्याला येऊन परत जाणं या वयात झेपत नाही, कराड दोन्हीकडनं मधलं पडतं. एसटीत ७५ च्या पुढच्यांना राज्यात तिकीट नाही आणि बायकांना अर्धं, म्हणजे खर्चाचं कारण जवळजवळ संपलं, फक्त सोबत कोणतरी पाहिजे. वेळ दुपारी बाराची ठेवा, डिसेंबरात सकाळी म्हाताऱ्यांना बाहेर काढू नका. तारीख मात्र अकराच. सोळाला विजय दिवसाचे सरकारी कार्यक्रम असतात, अकरा ही त्यांची स्वतःची आहे.

ती का त्यांची, हे तुमच्या पोरांनाही कळू दे म्हणून लिहितो. ११ डिसेंबर १९७१ ला दिवस कलताना २ पॅराचे साधारण ७०० जवान टांगाईलजवळ छत्रीनं उतरले, कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू, ज्यांना पुढं महावीर चक्र मिळालं. काम होतं पुंगलीचा पूल धरायचा, म्हणजे उत्तरेकडनं मैमनसिंगहून ढाक्याकडं मागं सरकणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तुटेल. बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी कादेर सिद्दिकींची मुक्तिवाहिनी आधीपासून त्या भागात होती, गावकरी धावत येऊन सामान उचलू लागले. पूल हातात आला. आणि पुलाकडं रस्त्यानं येऊन त्यांना जी फौज मिळाली ती होती १ मराठा, म्हणजे मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन, आपली जंगी पलटण! २ पॅरा ही मुळात ३ मराठा, १९५२ ला पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिचं नाव बदललं. म्हणजे बंगालच्या त्या नदीकाठी आभाळातनं आलेले मराठे आणि चालत आलेले मराठे भेटले, त्यात आपल्या कृष्णाकाठचे किती असतील विचार करा. १६ तारखेला ढाक्यात सगळ्यात आधी शिरलेल्यांत हीच २ पॅरा होती.

आता एक गोष्ट नीट ऐका. त्या उडीचा म्हणून तेव्हा पेपरात जो छत्र्यांचा फोटो छापून आला तो आधीच्या सरावातला होता, टांगाईलचा नव्हताच. म्हणजे त्या संध्याकाळचं जे काय आहे ते या माणसांच्या डोक्यातच आहे, त्यामुळं रेकॉर्डिंग पुढच्या वर्षावर टाकू नका. आणि एकट्याला माईकसमोर बसवू नका, चुलत्यांना मी बसवलं तर "काय सांगायचं, गेलो, उतरलो" एवढ्यावर संपलं. मग एकदा त्यांचा सेक्शनवाला आला, दोघं ओसरीवर बसले, हा म्हणतो मी भातात पडलो, तो म्हणतो भात कापून झालेला रे, चिखल होता, तुझा बूट मी ओढून काढला, आणि असं दोन तास चाललं, चहाची कपबशी तशीच. दोघं एकत्र बसले की एकमेकांचं दुरुस्त करतात. मोबाईल बाजूला चालू ठेवायचा आणि आपण गप बसायचं. रडले तर रडू द्या, थांबवू नका.

आपल्याकडं अपशिंगे मिलिटरीचं नाव निघालं की पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले हा आकडा सगळे सांगतात. त्यातली पाच नावं विचारून बघा कुणाला. म्हणून म्हणतो, वही आजच घाला.

प्रश्न : आमचे आजोबा फौजेत होते, गाव वाळवा तालुक्यात. आजी म्हणायची मराठ्यात होते, वडील म्हणतात पॅराशूटवाले होते. दोन मेडलं आहेत, एक चांदणीसारखं. ते नक्की कुठल्या पलटणीत होते आणि त्यांचे सोबती कसे शोधायचे?

उत्तर : दोघंही बरोबर असू शकतात, वर वाचलंतच. शिवाय पॅरात बाकीच्या रेजिमेंटमधले जवान पण स्वतःहून जायचे. चांदणीच्या मागं आणि दुसऱ्या मेडलच्या कडेला भिंगातनं बघा, नंबर, नाव आणि बरेचदा रेजिमेंट कोरलेली असते. घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं जातात. चांदणी 'पूर्वी स्टार' नावाची असेल तर ७१ ला ते पूर्व आघाडीवर होते, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिमेला. खरं उत्तर डिस्चार्ज बुकात मिळेल, आजीच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली बघा, तिथंच असतं. ते नाही मिळालं तर सर्व्हिस नंबर घेऊन रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका, मराठ्याचं बेळगावला, पॅराचं बंगळुरूला, नातं दाखवणारी कागदं जोडून. दोन-तीन महिने उत्तर नाही आलं तर परत लिहा. आणि कोरेगावच्या ताईंसारखं कुणी वही घालतंय का तुमच्या तालुक्यात ते विचारा, नाहीतर तुम्हीच घाला.

प्रश्न : माझे मिस्टर पॅरातून रिटायर झालेले, दोन वर्षांपूर्वी गेले. पेन्शनच्या कागदावर माझं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. एका ऑफिसात तीनदा हेलपाटे घातले, दरवेळी नवीन कागद सांगतात. आता जायचं मनच होत नाही.

उत्तर : काकू, मन करावंच लागेल, हक्काचे पैसे आहेत. पण चौथ्यांदा एकट्या जाऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, सातारा आणि सांगली दोन्हीकडं आहे, तिथं या नावांच्या घोळाची रोजची सवय आहे. कुठली कागदं लागतात ते एकदाच एका कागदावर लिहून मागा, खाली तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव. लग्नाचा दाखला असेल तर बरोबर ठेवा. सोबत मिस्टरांच्या पलटणीतला एखादा रिटायर्ड सुभेदार न्या, या लोकांना हे कागद पाठ असतात आणि त्यांना बोलावलेलं आवडतं. ओळखीचं कुणी नसेल तर मासिकाच्या पत्त्यावर गाव आणि मिस्टरांची पलटण एवढंच कळवा, बाकी काही नको, जवळचं माणूस मी शोधून देतो.