इप्पोननंतरचे दिवस

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे. ज्युदोच्या स्पर्धेसाठी कित्येक महिने तयारी केली आणि पहिल्याच लढतीत अर्ध्या मिनिटात सेओई-नागे (वळून आत शिरून पाठीवरून फेकण्याचा डाव) बसून इप्पोनने (लढत तिथेच संपवणाऱ्या पूर्ण गुणाने) हरले. सगळे म्हणतात, सकारात्मक राहा. पण कशी राहू?

उत्तर : आज लगेच राहायलाच हवं असं नाही. रडू येत असेल तर रड. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जपानची उता आबे दुसऱ्याच फेरीत उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोवाकडून हरली. टोकियोची सुवर्णविजेती ती, पण मॅटवरून उतरताच प्रशिक्षकांना बिलगून हमसून हमसून रडली. साऱ्या जगाने ते पाहिलं. पुढच्याच वर्षी ती पुन्हा जगज्जेती झाली. रडल्यामुळे तिचं काही बिघडलं नाही.

दुसरं असं, की चार मिनिटांची लढत एका इप्पोनने कुठल्याही क्षणी संपते. गेलेला गुण भरून काढायला पुढे वेळच उरत नाही. त्यामुळे लढत लवकर संपली म्हणजे तू फार वाईट खेळलीस, हा हिशेब चुकीचा आहे.

दोन-तीन दिवसांनी, मन जरा शांत झालं की व्हिडिओ पाहा. मात्र तू पडलीस तिथेच थांबू नकोस, तिथून मागे मागे जा. सेओई-नागेच्या बाबतीत बहुतेकदा असं दिसतं : फेक बसण्याच्या काही सेकंद आधीच प्रतिस्पर्ध्याने बाही घट्ट धरलेली असते. ती झटकून सोडवण्याऐवजी आपण पुढे रेटतो, वजन पायाच्या चवड्यांवर येतं आणि प्रतिस्पर्ध्याला वळून आत शिरायला हवी तेवढी जागा मिळते. म्हणजे लढत पडताना नाही, बाहीपाशीच हातातून गेलेली असते. तुझ्या लढतीतली ती जागा शोध आणि वहीत एकच वाक्य लिही, उदाहरणार्थ, ‘बाही धरली गेली की आधी ती सोडवायची.’ ‘मी कमजोर आहे’ असं लिहिलंस तर त्याचा सराव कसा करणार? बाही सोडवण्याचा सराव मात्र जोडीदाराला सांगून उद्यापासून सुरू करता येतो. माझ्या मते सकारात्मक राहणं ते हेच.

प्रश्न : माझा ११ वर्षांचा मुलगा हरला की घरी येईपर्यंत बोलत नाही. मी चुका समजावून सांगतो, तर रडायला लागतो. काय बोलावं?

उत्तर : चुका सांगणं थांबवा. ते प्रशिक्षकांचं काम आहे आणि तेही पुढच्या सरावाच्या दिवशी. परतीच्या वाटेवर ‘कुठे लागलं का?’ आणि ‘भूक लागली का?’ एवढं पुरे. पहिला प्रश्न मनापासून विचारा. डोकं आपटलं असेल आणि मूल गप्प गप्प असेल, डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणत असेल, तर ती नाराजी नसूही शकते. लगेच डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगेपर्यंत मॅटवर पाठवू नका.

‘पंचांनीच घात केला’ किंवा ‘पुढच्या वेळी नक्की जिंकशील’ असंही म्हणू नका. पहिल्याने त्याला सबब मिळते, दुसऱ्याने ओझं. कौतुक करायचं तर डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचं करा : ‘पडल्यावर चटकन पोटावर वळलास, त्याला तुला दाबून धरता आलं नाही.’ जमिनीवर २० सेकंद दाबून ठेवलं तर समोरच्याला इप्पोन मिळतो, हे त्याला ठाऊक असतं. आपण काय वाचवलं ते बाबांनी पाहिलं, हे त्याला कळेल.

प्रश्न : गोल्डन स्कोअरमध्ये (बरोबरीनंतरच्या जादा वेळेत) तिसरा शिदो (नियमभंगाचा दंड) मिळून हरलो. एकदाही पडलो नव्हतो. पंचांवरचा राग जात नाही.

उत्तर : राग येणारच, पण निकाल आता बदलणार नाही. तिसऱ्या शिदोवर वाद घालता येईल. पहिले दोन कशाचे होते? आक्रमण न केल्याचे की पकड टाळल्याचे? ते प्रशिक्षकांसोबत बसून बघा. निष्क्रियतेचे असतील, तर रांदोरीत (जोडीदाराबरोबरच्या मोकळ्या सराव-लढतीत) पकड बसताच हल्ला करायची सवय लावून घ्या.

प्रश्न : एकाच प्रतिस्पर्ध्याकडून वारंवार हरतो आहे. आता सरावालाही जावंसं वाटत नाही. सोडून द्यावं का?

उत्तर : जपानची ज्युदोपटू र्योको तामुरा हिला १९९२ मध्ये ऑलिंपिक रौप्यावर थांबावं लागलं. १९९६ मध्ये सुवर्ण तिचंच असं सगळे धरून चालले होते, पण अंतिम लढतीत उत्तर कोरियाच्या १६ वर्षांच्या क्ये सुन-हुईने तिला हरवलं. सुवर्ण मिळालं ते २००० मध्ये. प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणणार नाही.

आधी एवढं ठरवा, की नकोसं काय झालंय : ज्युदो की स्पर्धा? काही महिने स्पर्धा बंद ठेवून नुसती रांदोरी करा, जिथे कोण किती वेळा पडला हे कुणी मोजत नाही. त्यातही तुमचा प्रतिस्पर्धी डावखुरा असेल तर डावखुरा जोडीदार मागून घ्या. मॅटवर पाय ठेवल्यावर मजा परत आली, तर तुम्हाला ज्युदो नकोसं झालेलं नाही.

दर वेळी उपाशी राहून, पाणी तोडून वजन उतरवत असाल, तर अंगात त्राण नसताना येणारी उदासी पराभवाची समजू नका. वरच्या वजनगटात खेळण्याबद्दल प्रशिक्षकांशी बोला. आणि झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर समुपदेशकाची वेळ घ्या. पुढच्या स्पर्धेची वाट पाहू नका.