कोंबडा नकली नाही, जरा दम धरा

बुटीबोरीच्या भाऊंची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. गावठी कोंबड्यांवर कडकनाथ (काळ्या पायांच्या, काळ्या मांसाच्या जातीचा कोंबडा) सोडला, 22 पिल्लं निघाली, त्यातली 9 उघड्या मानेची आणि काहींचे पाय पिवळे-पांढरे. आता विचारताहेत, विकणाऱ्यानं नकली कोंबडा गळ्यात मारला का? भाऊ, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय: "आधीचा उघड्या मानेचा कोंबडा कडकनाथ आणायच्या आठवडाभर आधीच विकून टाकला होता." उत्तर तिथंच आहे.

एकदा कोंबडा लागला की कोंबडीच्या पोटात त्याचं बीज दोन आठवडे, कधी तीन आठवडेही टिकून राहतं. जुना कोंबडा बाजारात गेला म्हणजे त्याची पिल्लं बंद झाली असं होत नाही. नव्याचा जोर जास्त असतो, पण मधल्या काळात दोघांचीही पिल्लं एकाच खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखालून निघतात. आणि उघडी मान आईकडून किंवा बापाकडून, कुणाकडून तरी यावीच लागते. मान झाकलेल्या दोघांच्या पोटी ती उगवत नाही. तुमच्या कोंबड्या झाकल्या मानेच्या, कडकनाथही तसाच. मग ती 9 पिल्लं कुणाची, ते तुम्हीच सांगा.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतो, तेही ऐका. कळमेश्वरकडे माझं छोटं वावर आहे. सहा-सात वर्षांपूर्वी मीही हेच केलं. मंगळवारी उघड्या मानेचा कोंबडा विकला, गुरुवारी कडकनाथ आणला, सोमवारपासून अंडी गोळा केली. दोन खुडूक कोंबड्या, प्रत्येकीखाली 12 अंडी. 17 पिल्लं निघाली, त्यातल्या 7 ची मान सोललेली. माझं डोकंच फिरलं. विकणाऱ्याला फोनवर नको नको ते बोललो. मग म्हटलं, जाणकाराला विचारावं, म्हणून एका कचेरीत गेलो. कोणती ते सांगत नाही, नागपूरकर समजून घेतील. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी "अर्ज लिहून आणा". तिसऱ्या खेपेला साहेबांनी मोबाइलवरचा फोटो अर्धा मिनिट पाहिला, चष्माही वर केला नाही, आणि म्हणाले, "भेसळीचा आहे. बदलून टाका." आधी कोणता कोंबडा होता, तो कधी गेला, अंडी कोणत्या तारखेची, यातलं एकही विचारलं नाही. एक प्रश्न विचारला असता तर माझा कोंबडा वाचला असता बापा!

पुढच्या रविवारी तो कडकनाथ सावजी रश्श्यात गेला. पाहुण्यांनी बोटं चाटली.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी एक कोंबडी कुटाराच्या ढिगामागून 11 पिल्लं घेऊन बाहेर आली. तिनं चोरून अंडी घातली होती, कोंबडा बदलून महिना उलटल्यावरची. एकाचीही मान उघडी नाही. सहा पिल्लांचे पाय पंजापर्यंत शाईत बुडवल्यासारखे काळे, पाचांचे फिके. बाप मात्र आमच्या पोटात.

ती पाच फिकी पिल्लं मोठी झाल्यावर पाचही आरवायला लागली, तेव्हा एका निवृत्त पशुवैद्यकांनी उलगडून सांगितलं. काळेपणा दाबणारा गुण कोंबडीकडून फक्त तिच्या नर पिल्लांत उतरतो. त्यामुळे पिवळ्या-पांढऱ्या पायांच्या कोंबडीवर कडकनाथ सोडला की तलंगा (तरुण माद्या) काळ्या निघतात आणि नर फिके. तेव्हा भाऊ, तुमची झाकल्या मानेची, फिक्या पायांची पिल्लं नकली समजू नका, त्यातले बरेच नर असतील. उलट जोडी लावली, म्हणजे कोंबडा गावठी आणि कोंबडी कडकनाथ, तर बहुतेक सगळंच फिकं निघतं. काळ्या रंगासाठीच संकर करत असाल तर ती जोडी लावूच नका.

आता काय करायचं? जुना गेल्यावर कोंबड्या कुठल्याही नराशिवाय 21 दिवस वेगळ्या ठेवायला हव्या होत्या. ते राहिलं असलं तरी कडकनाथ त्यांच्यातच राहू द्या, दुसरा नर खुराड्यात फिरकू देऊ नका, आणि जुना गेला त्या दिवसापासून तीन आठवडे होईपर्यंतची अंडी खाऊन टाका. नंतरच्या अंड्यांवर पेन्सिलनं तारीख घाला आणि आठवड्याच्या आतली अंडीच बसवा. मे महिन्यात मात्र बसवायचा नाद करू नका. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. 20-21 अंशांच्या वर गेलं की अंड्यातला गर्भ अर्धवट जागा होतो आणि अशा उन्हात तिथंच मरतो. मग आपण कोंबडीला शिव्या देतो.

जाता जाता दोन गोष्टी. पिल्लांखाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका, पाय फाकतात; पहिले दोन-तीन दिवस गोणपाट बरं. आणि मानमोडीची लस, पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी, बर्फाच्या थर्मासमध्येच आणा. शर्टाच्या खिशातून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. शंभर डोसची बाटली वीस पिल्लांसाठी कुणी फोडून देत नाही, म्हणून शेजारच्या चार घरांची पिल्लं एकाच दिवशी धरा.

ही संकर पिल्लं कडकनाथ म्हणून विकू नका, एवढी विनंती. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आपल्यासारख्यांच्याच मिसळीमुळे खऱ्यालाही लोक नकली म्हणायला लागलेत. याच पिल्लांची आपसात जोडी लावाल तर पुढच्या पिढीत रंग, वजन, अंडी, सगळंच विस्कटतं. शुद्ध जोडी वेगळी सांभाळावी, असं माझं मत. मी काही डॉक्टर नाही, अनुभवावरून बोलतोय. पिल्लं माना टाकत असतील तर दवाखाना गाठा, माझ्या भरवशावर राहू नका.

आणि तो कोंबडा कापायचं ठरलंच असेल तर आधी मेसेज करा. मी येऊन घेऊन जातो, कळमेश्वरहून बुटीबोरी काही लांब नाही.