हनुवटीवरच्या केसांसाठी क्रीम सुरू करतेयस ना, मग हे वाच

अगं, आधी एक पक्कं समज: एफ्लॉर्निथिन क्रीमने केस जात नाहीत, वाढ मंदावते. थ्रेडिंग चालूच ठेवायचं, फक्त दोन वेळांमधलं अंतर वाढतं. मी पंधराव्या दिवशी आरशात बघून ट्यूब फेकायला निघाले होते! फरक दिसायला 4 ते 8 आठवडे लागतात, आणि बंद केलं की साधारण दोन महिन्यांत केस पूर्ववत.

दिवसातून दोनदा, मध्ये किमान 8 तास. पातळ थर, नीट जिरवून. थ्रेडिंगनंतर निदान 5 मिनिटं थांब, नाहीतर चरचरतं. लावल्यावर 4 तास तोंड धुवायचं नाही. आपल्या जळगावच्या मे महिन्यात हेच अवघड. घाम आला की हात नळाकडे जातोच. म्हणून मी पहाटे आणि रात्री निजताना लावते.

नवख्या मुली मेडिकलवरून कुणीतरी सुचवलेली स्टेरॉइडवाली गोरेपणाची क्रीम आणतात. त्याने लव उलट वाढते. ती नकोच.

पाळी अनियमित असेल किंवा केस अचानक वाढले असतील तर आधी डॉक्टरांकडून पीसीओएस (हार्मोन्स बिघडल्याने होणारा अंडाशयाचा त्रास) तपासून घे. दिवस गेले असतील, तर त्यांना विचारल्याशिवाय ट्यूब उघडूही नकोस. लेझरचं नंतर बोलू.