टाकं, टाकी आणि टँक

प्रश्न : पाण्याचा टँक आणि लढाईतला रणगाडा, दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द कसा? मुलाने विचारलं, मला सांगता आलं नाही.
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : तुम्ही जुन्नरचे, म्हणजे अर्धं उत्तर तुमच्या उशाशीच आहे. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी पाहिली असतील. मागे ऐन मे महिन्यात मी तिथलं पाणी ओंजळीने प्यायलो, तर दात शिवशिवले. कातळात खोदलेलं ते आपलं ‘टाकं’. सतराव्या शतकात इकडे आलेल्या इंग्रजांनी मराठी-गुजराती बोलींतला हाच शब्द उचलला, असं अनेक कोशकार मानतात. त्यात पोर्तुगीज ‘तांके’ही मिसळला, त्याचं मूळ पाणी अडवण्याच्या क्रियेत आहे. मला स्वतःला टाक्याचं पारडं जड वाटतं, आणि त्याचा अभिमानही वाटतो.

रणगाड्याची गोष्ट वेगळी. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लिंकन शहरी ही नवी गाडी गुपचूप तयार होत होती. बाहेर सुगावा लागू नये म्हणून या पाणी वाहून नेण्याच्या टाक्या आहेत, अशी हूल उठवली. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत त्या पहिल्यांदा रणात उतरल्या, गुपित फुटलं, पण नाव चिकटलं ते कायमचं.

मुलाचा बिनबाह्यांचा ‘टँक टॉप’ही पाण्यातूनच आला बरं का! पोहण्याच्या तलावालाही टँक म्हणत, त्यावरून पोहण्याचा पोशाख ‘टँक सूट’ झाला आणि पुढे हा सदरा. मुलाला एकदा गडावर न्या, टाक्याच्या काठावर बसून सांगा.